स्वामी आनंद वाचायला गुजराती शिकावं का?

चिकूवाडी
मागच्या महिन्यात घोलवडला मावशीकडे गेले होते. माळा आवरताना काकांच्या जुन्या ट्रंकेत वाळवीच्या तावडीतून सुटलेली चार गुजराती पुस्तकं निघाली. एकावर नाव होतं 'धरतीनुं लूण', लेखक स्वामी आनंद. स्वामी म्हटल्यावर मला वाटलं प्रवचनं असणार, म्हणून रद्दीच्या ढिगावर ठेवलं. तेवढ्यात शेजारच्या बेन चहाला आल्या, त्यांनी ते उचललं आणि म्हणाल्या, "अरे, आ तो आपणा कोसबाडवाळा स्वामी!" मग तिथेच झोपाळ्यावर बसून त्यांनी चार पानं वाचली, वाचता वाचता मराठीत सांगितली. प्रवचन कुठलं, सगळी माणसं होती. हाडामांसाची, भांडणारी, हट्टी माणसं.

घरी येऊन शोधाशोध केली. मूळ नाव हिंमतलाल दवे. जन्म ८ सप्टेंबर १८८७, वढवाणजवळच्या शियाणी गावचा, वाढले मात्र मुंबईत. दहाव्या वर्षी 'देव दाखवतो' म्हणणाऱ्या एका साधूच्या मागे घर सोडलं. पुढे रामकृष्ण मिशन, टिळकांच्या 'केसरी'त काम, 'राष्ट्रमत' या मराठी दैनिकाच्या गुजराती विभागाचं संपादन, हिमालय आणि मग गांधीजींचं 'नवजीवन'. आयुष्याची शेवटची साधारण वीस वर्षं कोसबाडच्या टेकडीवर. २५ जानेवारी १९७६ ला मुंबईत गेले.

म्हणजे हा माणूस टिळकांच्या कचेरीत बसला, डहाणू तालुक्यात म्हातारा झाला आणि मी, जिची प्रत्येक मे महिन्याची सुट्टी तिथे गेली, त्याचं नावही ऐकलं नव्हतं. प्रश्न साधा आहे. इथे कुणी मुळातून वाचलंय का? आणि पन्नाशीला टेकलेल्या बाईने यासाठी गुजराती शिकावं, इतकं त्यात आहे का?

शिरोरेषा
नाव ऐकलं नव्हतं असं म्हणू नका, तुमच्या मुलांना विचारा. सीबीएसईच्या नववीच्या हिंदीत 'शुक्रतारे के समान' नावाचा धडा होता, गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई यांच्यावरचा. लेखक हेच. मूळ गुजराती लेख 'शुक्रतारक समा'.

माझ्या मुलाकडून मी तो पाठ करून घेतलाय, त्यामुळे माझाच पाठ आहे. महादेवभाई मित्रांमध्ये स्वतःला गांधीजींचा 'हम्माल' म्हणवून घ्यायचे, आणि कधी 'पीर-बावर्ची-भिश्ती-खर'. परीक्षेत हमखास येणारा प्रश्न. लेखकाबद्दल मात्र दोन ओळींचा परिचय, तो कुणी वाचत नाही कारण त्याला गुण नाहीत.

भटक्या_६९
वाचनखूण साठवली. पुढचे प्रतिसाद येऊ द्या.

बडोद्याची सून
मी वाचलंय. माहेर सातारा, सासर बडोदा, तीस वर्षं झाली. सासरे घरात मराठी बोलायचे, वर्तमानपत्र गुजराती वाचायचे आणि हिशेब कुठल्या भाषेत करायचे ते देवाला माहीत.

आधी सावध करते. छापील, नीटनेटक्या गुजरातीची सवय असलेल्यालाही स्वामी जड जातात. त्यांची भाषा पुस्तकातली नाहीच. त्यात काठेवाडचं बोलणं आहे, सुरत-वलसाडकडच्या अनाविल ब्राह्मण शेतकऱ्याचं आहे, मुंबईच्या भाटिया शेठाणीचं आहे, साधूंची हिंदी आहे आणि मधेच ओळखीचं मराठी डोकावतं. 'मोनजी रुदर' नावाचं त्यांचं व्यक्तिचित्र आहे, एका अनाविल गृहस्थाचं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा दर पानाला सासूबाईंना हाका मारत होते. त्या म्हणाल्या, तू वाचू नकोस, मोठ्याने बोल. खरंच, मोठ्याने वाचल्यावर अर्ध्याहून जास्त उलगडलं. हे कानाचं गद्य आहे.

गुजराती शिकायला मराठी माणसाला लिपीचा एक आठवडा पुरतो. शिरोरेषा काढून टाकलेली देवनागरी समजा, मोजकी अक्षरं तेवढी वेगळी. खरी गंमत शब्दांची. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात नणंदेने फोनवर कुणाला तरी सांगितलं, "भाई नवरो छे." मी म्हटलं, असणारच, माझाच आहे. गुजरातीत नवरो म्हणजे रिकामटेकडा, मोकळा.

भटक्या_६९
दोन्ही अर्थांत फार फरक आहे असं वाटत नाही.

बडोद्याची सून
@भटक्या 😀 आमच्याकडे दोन्ही अर्थ एकाच खुर्चीत बसतात.

तिरकस
रसभंग करतो, माफ करा. गांधीजींच्या भोवतालची प्रत्येक व्यक्ती आपोआप थोर लेखक होते असा एक समज आहे. इथे साधू, खादी, आश्रम, तुरुंग सगळं यथास्थित आहे. पण हा माणूस 'नवजीवन'चा व्यवस्थापक होता ना? वर्गणीदार, कागद, टपाल. चांगला मॅनेजर होता म्हणा, विषय संपला. व्यक्तिचित्रं आपल्याकडे कमी पडली की काय, की शेजारून उसनी आणावीत?

प्रूफवाला
@तिरकस, तुमचं 'वर्गणीदार, कागद, टपाल' वाचून इतकी वर्षं नुसता वाचक असलेला मी लॉगिन करतोय. चौतीस वर्षं छापखान्यात काढली, सुरुवात खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, जुळवण्यापासून.

आधी घटना. 'नवजीवन' साप्ताहिक गांधीजींनी सप्टेंबर १९१९ मध्ये सुरू केलं. काम वाढलं तसं त्यांनी स्वामींना बोलावून घेतलं. स्वामींनीच महादेवभाईंवरच्या त्या लेखात लिहिलंय की आपण सहा महिन्यांसाठी म्हणून साबरमतीला गेलो, आधी ग्राहकांचा हिशेब आणि अंक टपालात टाकण्याची व्यवस्था तेवढी आपल्याकडे होती, आणि थोड्याच दिवसांत संपादनासकट दोन्ही साप्ताहिकं आणि सगळा छापखाना गळ्यात आला. दुसरं साप्ताहिक म्हणजे 'यंग इंडिया'. छपाईची यंत्रसामग्री मौलाना महंमद अली यांनी दिलेली. १९२२ मध्ये 'यंग इंडिया'तल्या लेखापायी प्रकाशक म्हणून दीड वर्षाची शिक्षाही स्वामींना झाली. मॅनेजरला सहसा इतका पगार मिळत नाही.

आता छापखान्याचं. साप्ताहिक म्हणजे काय असतं हे ज्याने हाताने जुळवलंय त्यालाच कळतं. लेखक रात्री मजकूर पाठवतो, तोही चालत्या गाडीतून खरडलेला. सकाळी केसेसमधून एकेक खिळा उचलून स्टिकमध्ये ओळ लावायची, ओळी गॅलीत, दोऱ्याने बांधायच्या, शाईचा हात फिरवून कच्चं प्रूफ काढायचं. वाचणाऱ्याने समासात खुणा करायच्या, मग चिमट्याने चुकीचा खिळा उपसून बरोबर बसवायचा. आणि हे सगळं ठरलेल्या टपालाच्या वेळेआधी. गाडी चुकली की अंक शिळा. मी एका छोट्या साप्ताहिकाचं काम करायचो. एकदा बांधलेलं पान मशीनवर नेताना माझ्या हातून निसटलं. पायऱ्यांवर खिळ्यांचा सडा. मालक काही बोलले नाहीत, कोट काढून माझ्याबरोबर खाली बसले आणि पहाटेपर्यंत खिळे वेचत राहिले. त्या अंकात शेवटचं पान नव्हतं. वाचकांची सतरा पत्रं आली, सगळी शब्दकोड्याबद्दल.

जाता जाता, गुजराती जुळवायला देवनागरीहून सोपी. देवनागरीत खिळा जरा झिजला की शिरोरेषेत फट पडते आणि ओळ दातपडकी दिसते. गुजरातीत रेघच नाही, झाकली मूठ.

मुख्य मुद्दा राहिला. गांधीजींची आत्मकथा कशी लिहिली गेली ते तिच्या प्रस्तावनेत आहे. स्वामी मागे लागले होते की तुम्ही आत्मकथा वेगळी लिहून पुरी करा, पुस्तक काढू. गांधीजी म्हणाले सवड नाही, दर आठवड्याला 'नवजीवन'साठी काहीतरी लिहावं लागतंच, मग तेच का लिहू नये? स्वामींनी कबूल केलं. नोव्हेंबर १९२५ ते फेब्रुवारी १९२९ पर्यंत ती हप्त्याहप्त्याने छापून आली. जगातल्या इतक्या भाषांत गेलेलं हे पुस्तक एका संपादकाच्या तगाद्यातून आणि साप्ताहिकाच्या रिकाम्या रकान्यातून निघालंय. तगादा ही संपादकाची पहिली विद्या. बाकीच्या नंतर.

शिरोरेषा
लॉगिन केल्याबद्दल आभार. शब्दकोडं 😂

तिरकस
@प्रूफवाला, तगाद्याचं मान्य. पुढच्या वेळी गांधीजींचं नाव घेताना संपादकालाही अर्धा नमस्कार घालीन. पण माझा मूळ मुद्दा तुम्ही टोलवलात. संपादक मोठा होता हे सिद्ध झालं, लेखक मोठा होता हे नाही.

कोसबाडचा_पाहुणा
लेखक मोठा की छोटा ते तज्ज्ञ ठरवतील, मी टेकडीबद्दल सांगतो. डीएडला असताना शैक्षणिक सहल तिथे गेली होती.

त्या टेकडीचं एक वेगळंच पाणी आहे. ताराबाई मोडकांनी बोर्डीला सुरू केलेलं ग्राम बाल शिक्षा केंद्र १९५७ मध्ये कोसबाडला हललं. अनुताई वाघ तिथेच राहिल्या, त्यांचं 'कोसबाडच्या टेकडीवरून' बऱ्याच जणांनी वाचलं असेल. वारल्यांची मुलं शाळेत येत नाहीत, गुरं चारायला जातात, मग शाळाच कुरणात न्यायची. कुरणशाळा. आम्ही गेलो तेव्हा एका पडवीत बिया, शिंपले, काटक्या असं मोजायचं साहित्य मांडून ठेवलेलं होतं. आमच्या बाई म्हणाल्या, बघा, एक रुपया खर्च नाही. आणि स्वामी आनंदही १९५७ च्याच सुमारास कोसबाडला आले. बोर्डी त्यांना नवी नव्हती, आश्रम त्यांनी तिथे १९३१ मध्येच काढला होता.

आता या धाग्याला लागून एक मजा. ताराबाई भावनगरला गिजुभाई बधेकांच्या दक्षिणामूर्ती संस्थेत काम करत होत्या. 'शिक्षणपत्रिका' त्यांनी आधी गुजरातीत गिजुभाईंच्या जोडीने चालवली, मराठीत नंतर आणली. म्हणजे एका टेकडीवर मराठी वर्तमानपत्रातून आलेला गुजराती लेखक आणि गुजराती मासिकातून आलेली मराठी शिक्षणतज्ज्ञ. आम्हाला डीएडला यातलं अर्धंच शिकवलं.

घारापुरी
अवांतर: घोलवडच्या चिकूला जीआय मानांकन आहे. धागाकर्तीने चिकू आणले की नाही ते लिहिलेलं नाही.

चिकूवाडी
@घारापुरी आणले. डहाणू लोकलमध्ये विरारच्या पुढे पिशवीवर कुणीतरी बसलं. मिल्कशेक झाला.

सह्यकडा
ताराबाईंचा विषय निघाला तर काकासाहेब कालेलकर राहून कसे चालतील? उलट्या दिशेचा प्रवास. दत्तात्रेय बाळकृष्ण कालेलकर, जन्म साताऱ्याचा, १८८५ चा. फर्ग्युसनचे पदवीधर. तेही 'राष्ट्रमत'मध्ये होते, स्वामींची आणि त्यांची ओळख त्या दिवसांतली. पुढे काकासाहेब, स्वामी आणि अनंतबुवा मर्ढेकर असे तिघे पायी हिमालयात हिंडले. त्यावरचं काकासाहेबांचं 'हिमालयनो प्रवास' गुजरातीतल्या प्रवासवर्णनांत अव्वल मानतात. गांधीजी त्यांना 'सवाई गुजराती' म्हणायचे. १९६५ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांना 'जीवनव्यवस्था'साठी मिळाला तो गुजरातीच्या खात्यावर. मराठीत लिहिलं नाही असं नाही, 'हिंडलग्याचा प्रसाद' आहे, पण मुख्य घर तिकडेच केलं.

एक खटकतं ते लिहितो. काकासाहेब 'आपले' असूनही गुजरातचे झाले याची हळहळ मराठीत अधूनमधून ऐकू येते. पण स्वामी 'त्यांचे' असून आपल्या अंगणात राहून गेले, याबद्दल आपल्याला काहीच वाटत नाही. हिशेब दोन्ही बाजूंनी मांडायला नको का?

तिरकस
@सह्यकडा हे बरोबर बोललात. (नोंद घ्यावी, मी सहमत होतोय.)

शुद्धलेखन_पीडित
काकासाहेब म्हटलं की जोडणीकोश. गुजराती शुद्धलेखनात पूर्वी जो तो आपल्या मनाला येईल तसं लिहायचा. गांधीजींनी गुजरात विद्यापीठाकडून कोश करवून घेतला, काकासाहेब त्यात पुढे होते. १९२९ ला तो निघाला आणि त्यावर गांधीजींचं वाक्य छापलं, "हवे पछी कोईने स्वेच्छाए जोडणी करवानो अधिकार नथी." यापुढे कुणालाही स्वेच्छेने शुद्धलेखन करण्याचा अधिकार नाही. अहिंसेच्या माणसाने काढलेला हा एकच फतवा असेल!

आणि आपल्याकडे? मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम १९६२ ला, आणखी चार १९७२ ला, आणि इथल्या धाग्यांवर 'आणि'ची वेलांटी अजून दोन्ही बाजूंना झुलतेय.

बडोद्याची सून
गुजरातीतही सगळे गप्प बसले असं समजू नका. एकच इ आणि एकच उ ठेवा म्हणणारे तिकडेही आहेत आणि त्यांची भांडणं आपल्याइतकीच चविष्ट असतात. पण रोजच्या छापण्यात कोशच चालतो.

अजून एक शब्द. वर्तमानपत्राच्या वा मासिकाच्या संपादकाला गुजरातीत 'तंत्री' म्हणतात. मी नवी होते तेव्हा वाटायचं अंकात दर आठवड्याला कोण सतारवादक पत्र लिहितोय.

प्रूफवाला
स्वामींच्या बाबतीत तंत्री शब्दच खरा. तंत्र त्यांनीच बसवलं.

अनामिका_पार्ले
पार्लेकरांच्या वतीने हजेरी. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात विलेपार्ल्याला मोठी छावणी होती. स्वामी तिथे होते, तिथूनच तुरुंगात गेले. त्याआधी १९२८ ला बार्डोलीत वल्लभभाईंचे सचिव. आमच्या आजेसासूबाई छावणीत भाकऱ्या पोचवायच्या एवढं घरात सांगतात. कोण स्वामी, कोण शेठ याची त्यांना फिकीर नव्हती. 'शंभर पोरं जेवायची बाई' हेच शंभर वेळा ऐकलंय.

मुक्तछंद
मला त्यांचं नाव वेगळ्याच कारणासाठी माहीत आहे. १९६९ चा साहित्य अकादमी पुरस्कार 'कुळकथाओ'ला जाहीर झाला आणि त्यांनी नाकारला. संन्याशाने लेखनाचे पैसे घ्यायचे नाहीत, ही भूमिका.

खरं सांगायचं तर मला अशा नकारांची थोडी चीड येते. पैसे नकोत तर शाळेला द्या. नाकारल्यावर बातमी मोठी होते, पुस्तक मागे पडतं. आत्ताच बघा, मला नकार माहीत आहे आणि पुस्तक माहीत नाही.

सह्यकडा
मग दोष कुणाचा? पुस्तक न वाचणाऱ्याचा की नाकारणाऱ्याचा? 😀

आपल्याकडे जीएंनी 'काजळमाया'चा १९७३ चा पुरस्कार परत केलाच की. पण तिथे प्रश्न पुस्तकाच्या प्रकाशन-तारखेच्या वादाचा होता, स्वाभिमानाचा होता. इथे कुणाशी वादच नाही. ज्या वाटेने आलो त्या वाटेला हे शोभत नाही, इतकंच. राग नसलेला नकार हा वेगळा प्रकार आहे.

मुक्तछंद
राग नसलेला नकार पचायला जास्त कठीण, आमच्या घरी विचारा. बरं, 'कुळकथाओ'त आहे तरी काय?

बडोद्याची सून
@मुक्तछंद, मुंबईतल्या जुन्या भाटिया घराण्यांतली माणसं. आपल्याला गिरगाव-दादरची मुंबई साहित्यातून पाठ आहे. कोट-काळबादेवीकडची, पेढ्यांची, हवेलीच्या, म्हणजे वैष्णव मंदिराच्या, दर्शनाच्या वेळा सांभाळणारी मुंबई मराठी वाचकाला ओझरती माहीत. ती मुंबई आतून पाहायची असेल तर हे पुस्तक. स्वामींचा दोष म्हणाल तर माणूस आवडला की त्याच्यावर फार माया करतात. कधी कधी वाटतं, अहो, या माणसाने एकदा तरी कुणाला तरी फसवलं असेल, तेही सांगा. पण लगेच एखादा असा तपशील येतो, कुणी पान कसं लावतं, कुणी शिवी कशी देतं, की तक्रार विसरते.

ओव्हरसीज_आजी
न्यूजर्सीहून लिहितेय, इथे पहाटेचे चार. धागा दोनदा वाचला.

आमच्या इमारतीत वाचनगट आहे, मी एकटी मराठी, बाकी सगळ्या गुजराती बायका. तिथे स्वामींचं 'जूनी मूडी' कुणाच्या तरी मुलाने भारतातून आणलं. मूडी म्हणजे भांडवल. त्यांनी आयुष्यभर ऐकलेले शब्द, म्हणी, बोलण्याच्या लकबी यांचा साठा त्यात आहे, त्यांच्या मृत्यूनंतर १९८० ला छापलेला. आम्ही रोज एक पान घेतो. कुणीतरी शब्द वाचतं आणि मग तास दीड तास आज्या, सासवा, विहिरी, म्हशी. मेहसाण्याची बाई म्हणते हा शब्द आमच्याकडे असा नाही, भरूचची म्हणते असाच आहे. मी मधे मधे म्हणते, आमच्या सांगलीलाही हाच आहे की! मग सगळ्या माझ्याकडे असं बघतात जणू मी त्यांच्या तिजोरीत हात घातला.

आमच्या गटातली सर्वात म्हातारी बाई ब्याण्णव वर्षांची. तिला हल्ली नातवंडांची नावं आठवत नाहीत. परवा एक शब्द वाचला, बैलाच्या गळ्यातल्या कशाला तरी म्हणतात, आम्हाला कुणालाच माहीत नव्हता. तिने हाताने करून दाखवला.

शिरोरेषा
आजी, शेवटच्या ओळीला दंडवत.

तिरकस
कबूल आहे, मी चुकीच्या धाग्यावर तिरकस झालो. पण एक शंका उरतेच. 'लूण' म्हणजे मीठ हे कळलं. 'धरतीचं मीठ' हे मराठीत नाव म्हणून कसं वाटेल? मला तर इंग्रजीतून उचलल्यासारखं वाटतंय.

वसईकर
@तिरकस, इंग्रजीतून कशाला, थेट बायबलमधून आहे. डोंगरावरचं प्रवचन. "तुम्ही पृथ्वीचे मीठ आहां" हे आम्ही वसईतले ख्रिस्ती लहानपणापासून मराठीतच ऐकतो, आम्हाला त्यात इंग्रजी काही वाटत नाही. स्वामींचा त्या बाजूचा अभ्यास होताच, 'ईसुनुं बलिदान' हे त्यांचं १९२२ चं पुस्तक. त्यामुळे मराठीत नाव द्यायचं तर 'धरतीचं मीठ' बिनधास्त द्या.

बडोद्याची सून
तरी 'लूण'चा खारटपणा 'मीठ'मध्ये येणार नाही. गुजरातीत रोजच्या मिठाला 'मीठुं' म्हणतात, आणि मीठुं म्हणजे गोडही. स्वामींनी तो शब्द बाजूला ठेवून लूण घेतला. मराठीत लवणाचं नातं आपण लोणच्यात जपलंय, पण 'धरतीचं लोण' म्हटलं तर लोक विचारतील कशाचं लोण पसरलं.

घारापुरी
'धरतीचं लोणचं' असं ठेवा. खप निश्चित.

प्रूफवाला
नाव ठरवण्याआधी अनुवाद कोण करणार ते ठरवा. माझा अनुभव असा की बोलीतलं गद्य प्रमाण भाषेत आणलं की इस्त्री केलेल्या गोधडीसारखं दिसतं. अनाविल शेतकऱ्याचं बोलणं पुण्याच्या मराठीत घालाल तर मेलं. डहाणू-पालघरकडच्या मराठीत घातलं तर? भंडारी, वाडवळ, मांगेले ही मंडळी पिढ्यान्‌पिढ्या गुजरातीच्या शेजारी बोलतायत. त्या बाजूचा कुणी लिहिणारा हवा.

वसईकर
+१. वाडवळीत वाचायला मी पैसे देईन.

चिकूवाडी
धागा मीच वर काढतेय, चार महिन्यांनी. सगळ्यांचे आभार, भांडणाऱ्यांचे जास्त.

शेवटी शिकले. लिपीला एक आठवडा म्हणालात ताई, मला तीन लागले, आणि अजून कुठली तरी दोन अक्षरं एकमेकांच्या जागी वाचते. दर रविवारी पाचला घोलवडच्या बेनना व्हिडिओ कॉल करते. त्या तिकडून पुस्तक धरतात, मी इकडून वाचते, त्या चुका काढतात आणि मधेच उठून कुकर बंद करून येतात.

सुरुवात 'शुक्रतारक समा'पासून केली, शिरोरेषांच्या मुलाचा धडा. मला वाटलं होतं थोरवीची आरती असेल. त्यात मला अडकवलं ते वेगळ्याच गोष्टीने. गांधीजी सेवाग्रामला राहायला गेले तरी महादेवभाई बरेच दिवस वर्ध्याला मगनवाडीतच होते. रोज सकाळी उन्हाळ्याच्या आगीत पायी सेवाग्राम, दिवसभर काम, संध्याकाळी पायी परत. जाऊन-येऊन अकरा मैल. स्वामी लिहितात की त्यांच्या अकाली जाण्याच्या कारणांत हेही एक धरायला हवं. १५ ऑगस्ट १९४२ ला पुण्यात, आगाखान पॅलेसमध्ये महादेवभाई गेले, पन्नास वर्षांचे. आणि पुढे गांधीजींच्या तोंडी भर्तृहरीच्या भजनाची एकच ओळ येते, "ए रे जखम जोगे नहि जशे." ही जखम जोगाने भरून येणार नाही.

माझं माहेर वर्धा. मगनवाडीवरून मी बारा वर्षं सायकलने शाळेत गेले. बेनना तसं सांगितलं तर त्या काही बोलल्या नाहीत, पुस्तक खाली ठेवलं आणि म्हणाल्या, ती ओळ परत वाच. 'जोगे' म्हणजे योगाने की काळ गेल्याने की औषधपाण्याने यावर आमचं दोन रविवार चाललंय. ताई, सासूबाईंना विचारून सांगाल का?

@तिरकस, लेखक मोठा आहे की नाही ते तुम्हीच ठरवा. पुढचं 'मोनजी रुदर' घेतोय. रविवारी पाच वाजता लिंक टाकू का?

बडोद्याची सून
विचारते. त्यांना भजनच पूर्ण येत असणार, गाऊनच दाखवतील. मोनजीला बसताना पाणी घेऊन बसा.

तिरकस
टाका लिंक. रविवारी मी नवरो आहे.